खाण्याचा सोडा, चुना आणि काचेच्या पेटीतला समुद्र

उरण-पेणकडचं किंवा वसई-भाईंदरकडचं मिठागर जवळून पाहिलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते. समुद्राच्या पाण्यात जे असतं ते सगळं मिठात येत नाही. उथळ कप्प्यांत पाणी आटू लागलं की आधी चुनखडीचा अंश तळाला बसतो, मग जिप्सम आणि त्यानंतर मीठ. मीठ ओढून घेतल्यावर मागे राहतं ते कडवट, जडसर पाणी. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम बहुतेक त्यातच राहिलेलं असतं. कच्छच्या रणाच्या काठावर खाराघोड्याला याच उरलेल्या पाण्यापासून मॅग्नेशियम क्लोराईड काढतात.

म्हणूनच किराणा दुकानातलं खडे मीठ बादलीभर पाण्यात विरघळवून घरी समुद्र तयार होत नाही. चव खारट येते, पण सागरी मासा त्यात फार काळ टिकत नाही आणि प्रवाळ तर नाहीच. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यातले 30 ग्रॅम सोडियम आणि क्लोराईड, म्हणजे आपलं मीठच. खरी गंमत उरलेल्या पाच ग्रॅमांत आहे: सल्फेट 2.7 ग्रॅम, मॅग्नेशियम 1.3 ग्रॅम, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी जेमतेम 0.4 ग्रॅम, आणि थोडं बायकार्बोनेट. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने 1872 ते 1876 या काळात जगभरच्या समुद्रांतून पाण्याचे नमुने जमवले. विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने त्यांतल्या 77 नमुन्यांचं पृथक्करण केलं आणि 1884 मध्ये निष्कर्ष छापले. पाणी कमी खारट असो की जास्त, मुख्य क्षारांचं आपसातलं प्रमाण जवळजवळ सगळीकडे सारखंच निघालं. आज मत्स्यालयासाठी जे तयार ‘सागरी मीठ’ पिशवीत मिळतं, ते याच प्रमाणांवर बेतलेलं असतं.

पिशवीतलं मीठ विरघळवून पहिल्या दिवशी पाणी बरोबर जमतं. अडचण दुसऱ्या दिवसापासून सुरू होते.

दगडी प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतो. शिंपले, गोगलगाई आणि खडकावर चढणारी गुलाबी कवचाची शेवाळंही तेच करतात. त्यासाठी पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट उचललं जातं. खुल्या समुद्रात हा खर्च कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण मागे सगळा महासागर उभा आहे. घरातल्या 200 लिटरच्या पेटीत मात्र रोजचा जमाखर्च मांडावा लागतो. मत्स्यालयवाले पाण्यातल्या बायकार्बोनेट-कार्बोनेटच्या साठ्याला अल्कलिनिटी म्हणतात आणि ती ‘डीकेएच’ या जर्मन एककात मोजतात. समुद्रात ती साधारण साडेसहा ते सात असते. पेटीत बहुतेक जण सात ते नऊच्या दरम्यान ठेवतात.

प्रवाळाने 2.8 डीकेएच खाल्लं की त्याच वेळी लिटरमागे फक्त 20 मिलिग्रॅम कॅल्शियम खर्च होतं. हे प्रमाण सांगाड्याच्या रासायनिक सूत्रातूनच येतं, त्यात घासाघीस चालत नाही. आता पेटीत प्रवाळ चांगले वाढताहेत आणि दिवसाला एक डीकेएच खर्च होतोय असं धरू. पाच दिवसांत अल्कलिनिटी आठवरून तीनवर येऊ शकते. तेवढ्याच काळात कॅल्शियम 420 वरून जेमतेम 385 पर्यंत उतरतं. म्हणजे प्रवाळ संकटात असतो आणि कॅल्शियमचा आकडा पाहणारा माणूस निर्धास्त असतो. दुकानात ‘कॅल्शियम’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेली बाटली जास्त खपते, पण आधी तुटवडा पडतो तो अल्कलिनिटीचा. आणि तो भरून काढणारा पदार्थ ढोकळ्यात पडतो.

खाण्याचा सोडा म्हणजे शुद्ध सोडियम बायकार्बोनेट. महागड्या ‘बफर’च्या बाटल्यांत बहुतेक वेळा हेच असतं, कधी त्याच्या जोडीला थोडा धुण्याचा सोडा. 100 लिटर पाण्याची अल्कलिनिटी एक डीकेएचने वाढवायला तीन ग्रॅम खाण्याचा सोडा पुरतो. हे गणित कुठलाही दहावीचा विद्यार्थी रेणुभारावरून करू शकेल. मग बाटलीला इतके पैसे का? तर शुद्धतेच्या हमीचे, सोयीचे आणि लेबलाचे. यातलं पहिलं कारण मला पटतं, दुसरं काही वेळा पटतं.

घरगुती रसायनांच्या या मार्गाला शिस्त लावण्याचं बरंचसं श्रेय रँडी होम्स-फार्ली या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला जातं. मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या शरीरातलं फॉस्फेट कमी करणारं सेवेलॅमर नावाचं औषध शोधणाऱ्यांपैकी तो एक. फावल्या वेळात तो प्रवाळ सांभाळायचा. 2006 मध्ये त्याने ‘रीफकीपिंग’ या मासिकात दोन द्रावणांची कृती सुधारून दिली. एका गॅलन पाण्यात, म्हणजे पावणेचार लिटरला, 500 ग्रॅम कॅल्शियम क्लोराईड. दुसऱ्या गॅलनमध्ये 594 ग्रॅम खाण्याचा सोडा, आधी भाजून घेतलेला. दोन्ही द्रावणं रोज सारख्याच मापाने घालायची. कॅल्शियम क्लोराईड आणायचं कुठून? अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला ते पोत्यांनी विकलं जातं. ‘डाऊफ्लेक’ हे औद्योगिक कॅल्शियम क्लोराईड त्यामुळे प्रवाळप्रेमींच्या घरात पोचलं. न्यू जर्सीत किंवा शिकागोत राहणाऱ्या मराठी माणसाला ही पोती हार्डवेअरच्या दुकानात सहज दिसतील. आपल्याकडे बर्फाचा प्रश्न नाही. इथे कॅल्शियम क्लोराईड चीजच्या कारखान्यात, काँक्रीट लवकर आवळण्यासाठी आणि हवेतला दमटपणा शोषायला वापरतात. घ्यायचं तर खाद्य दर्जाचंच घ्यावं आणि पिशवीवरचं नाव नीट वाचावं. निर्जल प्रकारच्या 100 ग्रॅममध्ये 36 ग्रॅम कॅल्शियम असतं, तर पाण्याचे दोन रेणू धरून बसलेल्या प्रकारात 27 ग्रॅम. एकाची कृती दुसऱ्याला लावली तर सगळा हिशेब एक तृतीयांशाने चुकतो.

सोडा भाजण्याची क्रिया मुद्दाम पाहण्यासारखी आहे. ताटात पातळ पसरलेला सोडा 150 अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवला, की त्यातून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, मागे राहतो. दिसायला फरक शून्य. आधीही पांढरी पूड, नंतरही पांढरी पूड. फरक दाखवते ती तराजू. 100 ग्रॅमचे 63 ग्रॅम होतात. वजन घटायचं थांबलं की सोडा भाजून झाला. भाजायचा कशासाठी? कच्चा सोडा पेटीत घातला की पाण्याचा पीएच क्षणभर किंचित खाली येतो, भाजलेल्याने वर चढतो. दारं-खिडक्या बंद ठेवून राहण्याच्या घरांत माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो आणि पीएच आधीच दबलेला असतो. तिथे भाजलेला सोडा बरा. हवेशीर घरात कच्चाही चालतो. मात्र भाजणं टाळायचं म्हणून धुण्याचा सोडा वेगळा विकत आणू नका. कपड्यांसाठीच्या त्या पुड्यात सुगंधापासून आणखी काय काय मिसळलेलं असतं ते कोण सांगणार? बेकिंग पावडर तर मुळीच नको. तिच्यात सोड्याबरोबर आम्लधर्मी क्षार आणि पीठ असतं. इनोचंही तेच, त्यात सायट्रिक आम्ल असतं.

दोन्ही द्रावणं एकाच जागी, एकापाठोपाठ ओतली तर पेटीत पांढरा धूर उठल्यासारखा दिसतो. तो म्हणजे तुमचे पैसे कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात तळाला बसताना. म्हणून एक द्रावण पंपाच्या झोतात सोडायचं, आणि दुसरं काही वेळाने, दुसऱ्या टोकाला.

इथे मॅग्नेशियम कामाला येतं. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट खरं तर मावतं त्याहून जास्त असतं. तरी ते आपोआप खाली बसत नाही, कारण नव्याने तयार होणाऱ्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर मॅग्नेशियम शिरतं आणि त्याची वाढ अडवतं. मॅग्नेशियम उतरलं की हीटरवर आणि पंपाच्या चाकावर पांढरी पुटं चढू लागतात. सोडा कितीही घाला, अल्कलिनिटी वर येत नाही. कृषी सेवा केंद्रात पानं पिवळी पडल्यावर फवारायला जे मॅग्नेशियम सल्फेट मिळतं, तेच एप्सम सॉल्ट. 200 लिटरच्या पेटीत मॅग्नेशियम लिटरमागे 100 मिलिग्रॅमने वाढवायचं तर सुमारे 200 ग्रॅम लागतं, तेही दोन-तीन दिवसांत विभागून. शेतीच्या पुड्याऐवजी औषधी दर्जाचं घ्या. फरक थोड्याच रुपयांचा असतो आणि या वस्तूचा वापर वर्षातून फार तर काही वेळा होतो. नुसतं सल्फेटच घालत राहिलं तर सल्फेटचं प्रमाण वाढतं, म्हणून जाणकार त्यात मॅग्नेशियम क्लोराईडही मिसळतात.

दोन बाटल्यांच्या पद्धतीचा एक छुपा परिणाम आहे. कॅल्शियम क्लोराईडमधलं कॅल्शियम प्रवाळाने घेतलं, सोड्यातलं कार्बोनेटही घेतलं. मग राहिलं काय? सोडियम आणि क्लोराईड, म्हणजे पुन्हा मीठ. प्रवाळाच्या 100 ग्रॅम सांगाड्यामागे पाण्यात 117 ग्रॅम मीठ जमा होतं. हान्स-वेर्नर बालिंग या जर्मन मत्स्यालयप्रेमीने यावर तोड काढली: तिसरं द्रावण, ज्यात सोडियम क्लोराईड सोडून बाकीचे सगळे सागरी क्षार असतात. त्यामुळे साठत जाणाऱ्या मिठाभोवती पुन्हा समुद्राचं प्रमाण तयार होतं. ‘बालिंग पद्धत’ म्हणून ती युरोपात रूढ झाली. घरच्या छोट्या पेटीसाठी मला ती गरजेपेक्षा जास्त वाटते. आठवड्याला थोडं पाणी बदललं आणि खारटपणा मोजत राहिलं, तर तेच काम होतं.

चुन्याच्या निवळीत मात्र मीठ साठण्याची भानगडच नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत नळीने फुंकर घातल्यावर दुधाळ होणारी हीच निवळी. पेटर विल्केन्स या मत्स्यालयतज्ज्ञाने 1970च्या दशकात ती प्रवाळांसाठी वापरून दाखवली आणि ‘काल्कवासर’ या जर्मन नावानेच ती जगभर गेली. अमेरिकेत लोणची घालण्यासाठी विकला जाणारा चुना त्यासाठी घेतात. लिटरभर पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपास चुना विरघळतो, उरलेला तळाला बसतो. वरचं नितळ पाणी रात्री थेंबाथेंबाने पेटीत सोडायचं, दिवसभरात जेवढं पाणी उडालं तेवढंच. चुन्यात कॅल्शियम आणि क्षारता सांगाड्याला हवी त्याच प्रमाणात असते, त्यामुळे मागे काही उरत नाही. 200 लिटरच्या पेटीतून रोज दोन लिटर पाणी उडत असेल आणि ती भर पूर्ण निवळीने घातली, तर दिवसाला सुमारे एक डीकेएच मिळतो. त्याहून भूक जास्त असेल तर निवळी पुरी पडत नाही, कारण तिची मर्यादा बाष्पीभवनाने ठरते. होम्स-फार्लीने आणखी एक मुद्दा मांडला आहे: निवळी स्थिर ठेवली तर तांब्यासारखे घातक धातू तिच्या तीव्र क्षारतेत टिकत नाहीत, तळाच्या गाळात उतरतात. म्हणून गाळ ढवळायचा नाही, वरचंच घ्यायचं.

पानाचा चुना चालेल का, हा प्रश्न महाराष्ट्रात हमखास येतो. रसायन तेच आहे. कोकणात शिंपले भाजून चुना करायची जुनी रीत होती, म्हणजे समुद्रातलं कॅल्शियम परत समुद्रात. पण डबीतला ओला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किती निकामी झालाय ते सांगता येत नाही, आणि त्यात बाकी काय घातलंय तेही कळत नाही. खाद्य दर्जाची कोरडी पूड घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवलेली बरी.

व्हिनेगरचा उपयोग वेगळ्याच कामासाठी होतो. माशांच्या खाण्यातून आणि विष्ठेतून पेटीत नायट्रेट आणि फॉस्फेट साठतं, शेवाळ माजतं. जिवाणूंना ही दोन्ही लागतात, पण वाढायला कार्बन कमी पडतो. थोडं व्हिनेगर घातलं की त्यांची संख्या वाढते, ते नायट्रेट-फॉस्फेट शरीरात ओढून घेतात आणि फेस काढणाऱ्या स्किमरमधून बाहेर पडतात. काही जण व्हिनेगरऐवजी व्होडका घालतात. अल्फ्रेड रेडफिल्डने 1934 मध्ये सागरी प्लवकांमधल्या नत्र-स्फुरदाचं जे ठरावीक प्रमाण दाखवलं, त्याच तत्त्वावर हा उपाय उभा आहे. पण तो दोन अटींवर चालतो: स्किमर चांगला हवा आणि मात्रा मिलिलिटरच्या अंशापासून सुरू करून आठवड्या-आठवड्याने वाढवायची. घाई केली तर एका रात्रीत पाणी दुधाळ होतं, जिवाणू प्राणवायू संपवतात आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत बसतात. स्वस्त उपायांमध्ये मला हा सर्वात निसरडा वाटतो.

आणखी दोन-तीन स्वस्त वस्तू. जुने फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणत ते सोडियम थायोसल्फेट नळाच्या पाण्यातलं क्लोरीन लगेच मारतं. मात्र पाण्यात क्लोरामाइन असेल तर अमोनिया मागे राहतो. नवी पेटी मासे न सोडता पिकवायची, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवायचे, तर अमोनियम क्लोराईड वापरतात. कल्हईवाल्याचा नवसागर तोच. 100 लिटरला साधारण 0.6 ग्रॅम पुरतो, पण कल्हईच्या दुकानातला नको, प्रयोगशाळेच्या दर्जाचा आणा. मोरचूद मात्र मुख्य पेटीपासून लांब ठेवा. तांब्याने माशांच्या अंगावरचे परजीवी मरतात हे खरं, पण तेच तांबं प्रवाळ, खेकडे, गोगलगाई सगळ्यांना मारतं आणि खडकात मुरून महिनोन्‌महिने झिरपत राहतं. उपचार करायचे तर वेगळ्या, रिकाम्या टाकीत.

भारतातल्या वाचकाला आणखी एक गोष्ट सांगायला हवी. 2001 पासून दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून उचललेला प्रवाळ घरात ठेवणं हा गुन्हा आहे, वाघाची कातडी ठेवण्याइतकाच. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक घरांत पेटी म्हणजे मासे आणि खडक. मग वरच्या सगळ्या रसायनाचं काय? निम्म्याहून अधिक गळून पडतं. पण सोडा राहतो. जिवाणू माशांच्या मलमूत्रातून नायट्रेट बनवतात तेव्हा आम्ल तयार होतं. नायट्रेट लिटरमागे 50 मिलिग्रॅमने वाढलं की साधारण सव्वादोन डीकेएच अल्कलिनिटी त्यात खर्ची पडते. पाणी वेळेवर न बदललेल्या पेटीचा पीएच यामुळेच घसरतो. तिथे कॅल्शियमच्या बाटल्या आणण्यापेक्षा पाणी बदला, आणि ते जमेपर्यंत खाण्याचा सोडा पुरेसा आहे. स्ट्रॉन्शियम, आयोडीन आणि ‘सूक्ष्म द्रव्यां’च्या रंगीत बाटल्यांबद्दल माझा नियम साधा आहे: जे मोजायची सोय आपल्याकडे नाही, ते घालायचं नाही.

बचत कुठे करायची नाही, तेही सांगून ठेवतो. सागरी मीठ स्वस्तातलं, सुटं घेऊ नका. अल्कलिनिटीचं चाचणी किट आणि दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा या दोन वस्तू सोड्याच्या आधी घ्या. नळीतल्या पेटीच्या पाण्यात थेंब टाकत रंग बदलेपर्यंत मोजायला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि हे न मोजता सोडा घालणाऱ्याला महागडी बाटलीही वाचवू शकत नाही. कॅल्शियम क्लोराईड विरघळताना पाणी चांगलंच तापतं, म्हणून पूड पाण्यात थोडी थोडी घाला, काचेच्या बाटलीत नको. चुन्याचा कण डोळ्यात गेला तर बुबुळ कायमचं जाऊ शकतं. तसं झालं तर वाहत्या पाण्याखाली डोळा भरपूर वेळ धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा. आणि ही सगळी द्रावणं पाण्यासारखीच दिसतात. निवळीचा पीएच साडेबाराच्या घरात असतो. ती पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ओट्यावर ठेवू नका. वेगळ्या आकाराची बाटली घ्या, तिच्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत नाव लिहा आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा फडताळात कुलपात ठेवा.